कमलताईंची नजर

मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका कारखान्यात गाड्यांसाठी पोलादी रिंगा बनत. तयार रिंगेवर चीर किंवा पोचा नाही ना, हे तपासायला नऊ बायका होत्या. ट्यूबलाइटखाली बसून त्या एकेक रिंग बोटांवर फिरवून बघत. चिंतामणी मोहिते त्यांचे सुपरवायझर. त्यांचे वडील साताऱ्याकडून इथल्या पहिल्या कारखान्यांत कामाला आले होते. घर, शिक्षण, नोकरी, सगळं चिंतामणींना याच गावानं दिलं होतं.

नऊ जणींत कमल पवार सगळ्यात जुनी. एकोणीस वर्षं ठेक्यावर होती. केसाएवढी चीरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

जानेवारीत मॅनेजरनं चिंतामणींना केबिनमध्ये बोलावलं. कॅमेऱ्यानं तपासणी करणारं मशीन येणार होतं. परदेशातला ग्राहक आता हातानं तपासलेला माल घेणार नव्हता. मशीन आलं तर कंपनीच्या पीथमपूरच्या कारखान्यात उत्पादनाची नवी लाइन सुरू होणार होती, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे गेली असती. सहा बायकांचा ठेका मार्चनंतर वाढणार नव्हता, पण हे इतक्यात कुणाला सांगायचं नव्हतं. यंत्रं न बदलल्यानं बंद पडलेल्या दोन कारखान्यांच्या फाटकांत उगवलेल्या बाभळी चिंतामणींनी पाहिल्या होत्या. मॅनेजर चूक बोलत नव्हता. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मशीन लावायला पीथमपूरच्या मुख्य कारखान्यातून अनीश नावाचा तरुण इंजिनियर आला. घरी मराठी, पण शिक्षण हिंदीत, त्यामुळे त्याचं बोलणं दोन्हींत मिसळलेलं. त्यानं समजावलं, की मशीनला आधी खराब माल दाखवावा लागतो. हजारो रिंगा दाखवल्या की मग ते स्वतः ओळखायला लागतं. त्या निवडायला त्याला सगळ्यात चांगली नजर हवी होती. चिंतामणींनी कमलचं नाव सांगितलं.

दोन महिने कमलनं जीव ओतून काम केलं. ही चीर भट्टीतली, ही घासताना आलेली, हा नुसता तेलाचा डाग, असं ती अनीशला दाखवत राहिली. शिफ्ट संपल्यावरही थांबायची. चिंतामणी लांबून बघत. रोज त्यांना वाटे, आज सांगावं. पण ते सांगत नव्हते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सहा नावांची यादी लागली. त्यात कमलचं नाव होतं. बाकीच्या पाच जणी रडल्या, भांडल्या, मॅनेजरकडे जाऊन आल्या. कमल सरळ चिंतामणींच्या टेबलापाशी आली.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"हो. जानेवारीपासून."

ती म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंत. काम मी असंच केलं असतं. पण दुसरीकडे बघायला दोन महिने तरी मिळाले असते."

ती डबा उचलून गेली.

मशीन उत्तम चाललं. दिवसभराचं काम दोन तासांत होऊ लागलं. ऑर्डर मिळाली, पीथमपूरला लाइन उभी राहिली, चाळीस नवी मुलं-मुली लागली. सगळी आयटीआय नाहीतर डिप्लोमावाली.

जूनमध्ये पोलाद दुसऱ्या ठिकाणाहून यायला लागलं आणि मशीन गडबडलं. नव्या पोलादाची चमक वेगळी होती. मशीन चांगला माल फेकत होतं, चिरा सोडत होतं. अनीशनं फोन केला. "काका, इसको फिरसे शिकवावं लागेल. त्या ताई येतील का?"

चिंतामणी पहिल्यांदाच मॅनेजरसमोर अडून बसले. त्यांनी सांगितलं, की कमलला बोलवायचं तर ठेक्यावर नाही, पक्क्या नोकरीवर. आणि तिच्याबरोबर काढलेल्यांपैकी आणखी दोघींना घ्यायचं, त्यांना मशीन चालवायला कारखान्यानं शिकवायचं. मॅनेजर चार दिवस टाळत राहिला. खराब माल साचत गेला, तेव्हा तो तयार झाला. पण कमलबरोबर दोघींऐवजी एकीलाच घ्यायला.

पत्र घेऊन चिंतामणी स्वतः कमलच्या घरी गेले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, हिंदीतलं ते पत्र दोनदा वाचलं.

"बाकीच्या चौघींचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांचं नाही जमलं," चिंतामणी म्हणाले. "आणि जानेवारीत मी बोललो नाही, ते चुकलंच माझं."

तिनं पत्र घडी करून ठेवलं. "सोमवारपासून येईन. पण भाऊ, पुढचं मशीन येईल तेव्हा आधी आम्हाला सांगा."

कमल आता कारखान्याच्या बसनं पीथमपूरच्या नव्या लाइनवर जाते; तिथंही तसंच मशीन आहे. मशीननं अडवलेल्या रिंगांवर शेवटचा निर्णय तिचा असतो. स्क्रीनवरची अक्षरं सुरुवातीला जड गेली, आता सवय झाली आहे. उरलेल्या चौघींपैकी एक माहेरी बागलीला गेली, एक शाळेत पोळ्या लाटते. दोघींचा चिंतामणींना पत्ता लागला नाही.

दिवाळीआधी मॅनेजरनं पुन्हा बोलावलं. आता पॅकिंगचं मशीन येणार होतं. चिंतामणींनी सगळं ऐकून घेतलं. केबिनमधून निघाले, ते सरळ पॅकिंग विभागात गेले आणि "आधी हे ऐका," म्हणत सगळ्यांना हातातलं काम थांबवायला सांगितलं.