डाव्या पेडलचे आटे

सरांनी एकतीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं, पण पाना हातात धरला तो फक्त मुलांना दाखवण्यापुरता. "हा पाना," असं म्हणून ते तो टेबलावर ठेवत आणि फळ्याकडे वळत. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी ताईची जुनी सायकल स्वतः दुरुस्त करायचं जाहीर केलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "स्वतः म्हणजे कोण?"

सायकल साधीसुधी नव्हती. लांबच्या प्रवासासाठी बांधलेली, सगळी पोलादी, खाली वळलेलं हँडल, पुढेमागे कॅरिअर. ताईने पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. आधी बाबांच्या माळ्यावर आणि मग ताईच्या सासरच्या माळ्यावर मिळून तिने चव्वेचाळीस वर्षं काढली होती. आता ताई सत्तरीत, छोट्या घरात राहायला निघालेली. तिने फोन केला, "ढब्या, सायकल घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देते."

बासष्ट वर्षांच्या, पाठ्यपुस्तक लिहिलेल्या गृहस्थांना ढब्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. सर त्याच दिवशी टेम्पो घेऊन गेले आणि तिथेच शब्द देऊन बसले, "दोन महिन्यांत नवी करून देतो. तूच चालवशील."

पहिल्याच सकाळी गॅलरीत डाव्या पेडलशी कुस्ती सुरू झाली. पेडल हलेना. सरांनी पान्याला लोखंडी नळी चढवली, म्हणजे दांडा लांब, जोर कमी. हा नियम त्यांना तोंडपाठ होता. मग नळीवर सगळा भार टाकला. पाना निसटला, बोटांची सालं निघाली आणि सर कुंडीत बसले. कपडे वाळत घालायला आलेली बायको थांबली.

"डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं ना? तुम्ही ते घट्ट करताय."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या पुस्तकात आहे. पाचवं प्रकरण. मीच टाइप केलंय."

उलट्या आट्यांचं उदाहरण म्हणून सायकलचं डावं पेडल सर दर वर्षी सांगत आणि दर वर्षी परीक्षेत दोन मार्कांना विचारत. पोरांना ते पाठ होतं, बायकोला पाठ होतं. सरांच्या डोक्यातून मात्र ते हातापर्यंत कधी उतरलंच नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! कुंडीतून उठताना त्यांनी स्वतःलाच दोनांपैकी शून्य मार्क दिले.

मग सायकल गेली कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकान चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या. सरांनी घट्ट करून ठेवलेलं पेडल त्यांनी स्टोव्हच्या झोताने तापवून काढलं, आणि "आधी कोणीतरी याच्यावर राग काढलाय," एवढंच म्हणाल्या. मग पुढचं चाक धरणारा चिमटा त्यांनी डोळ्यांच्या रेषेत धरला.

"हा मागे दबलाय. समोरून कशावर तरी जोरात आपटलीय. कोणी आपटली?"

"ताईने," सर म्हणाले. "तिचं जरा लक्ष नसायचं."

तोंडातून निघालं आणि सरांना स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांनी, एका अनोळखी बाईसमोर, काही गरज नसताना! पण हे खोटं इतकं वापरलेलं होतं की जिभेवरून आपोआप घसरायचं.

घडलं होतं ते असं. ताई सव्वीसची आणि ढब्या अठराचा असताना दोघं समुद्रापर्यंत नऊ दिवसांच्या प्रवासाला निघाले होते. ताई या सायकलवर, तो मित्राच्या जड, मालवाहू सायकलवर. दुसऱ्या दिवशी हट्ट करून त्याने ताईची सायकल मागून घेतली, आणि हात सोडून चालवता येते हे दाखवताना थेट मैलाच्या दगडावर गेला. चिमटा वाकला, त्याचा दात पडला. ताईने रुमाल ओला करून दिला आणि म्हणाली, "घरी जाऊ नकोस. तू एकटा दिसलास तर बाबा मला परत बोलावतील. मित्राकडे राहा. मी येईपर्यंत तोंड बंद." आणि ती जड सायकल घेऊन ती पुढे निघून गेली. ढब्या मोडक्या सायकलीसह भाजीच्या ट्रकमधून मित्राच्या खोलीवर पोचला आणि सात दिवस कॅरम खेळला.

परतल्यावर दोघं मिळून घरी गेले. बाबांनी चिमटा बघून विचारलं, "कोणी आपटली?" प्रवास पुरा केल्याचं खोटं ताईने शिकवलेलं होतं. "ताईने," हे उत्तर मात्र ढब्याचं स्वतःचं. ताई शेजारी उभी होती. काही बोलली नाही. "मुलीच्या हाती सायकल दिली की हेच," म्हणून बाबांनी ती माळ्यावर टाकली.

पुढे सरांना तो प्रवास आवडायला लागला. वर्गात सांगून सांगून त्यात चढ वाढले, वादळ आलं, समुद्रावरचा सूर्यास्त आला. शेवटी तो पुस्तकाच्या प्रस्तावनेत जाऊन बसला.

"स्टील आहे म्हणून वाचली," दुकानातल्या बाई म्हणाल्या. त्यांनी रंग खरवडून तडा नाही ना हे नीट पाहिलं, मग लांब दांडा घालून चिमटा थोडा थोडा करून सरळ केला. सर रोज सकाळी दुकानात जाऊन बसू लागले. बेअरिंगचे छर्रे रॉकेलने धुतले, साखळीची कडी न् कडी घासली. मग चाकाची डगमग काढायला त्याचे आरे, म्हणजे तारा, आवळायला बसले. एक आरा आवळला की चाक डावीकडे पळायचं, दुसरा आवळला की उजवीकडे; चौथ्या दिवशी चाकाचा पापड झाला. बाईंनी सगळे आरे सैल केले आणि म्हणाल्या, "सर, पुन्हा. पाव फेरी. पाव म्हणजे पाव." बाराव्या दिवशी चाक फिरलं ते अगदी सरळ. सरांनी ते इतका वेळ फिरवत ठेवलं की दोन गिऱ्हाइकं परत गेली.

सायकल न्यायला ताई आली तेव्हा बायकोही बरोबर होती. निळा रंग, नवे टायर, चकचकीत कॅरिअर. ताईने सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"फारच जोरात आपटली होती हो तुम्ही," दुकानातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

ताईने सरांकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "जोरातच."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ती गप्प राहिली होती. आज चक्क होकार दिला. 

"मी आपटली," ते म्हणाले. "हात सोडून चालवत होतो. दुसऱ्याच दिवशी. समुद्र मी पाहिलाच नाही."

 सगळ्यात आधी बायको बोलली.

"प्रस्तावना मी तीनदा टाइप केली. तीन आवृत्त्या. सूर्यास्तासकट!"

"सूर्यास्त?" ताई म्हणाली. "मी पोचले तेव्हा भर दुपार होती. सावली शोधून आधी झोपले."

बायको हसली नाही. पिशवी उचलून ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली, आणि पुढचे दोन दिवस सरांशी कामापुरतंच बोलली.

"बाबांसमोर तू बोलली का नाहीस?" सरांनी ताईला विचारलं.

"बोलले असते तर तू घाबरून सगळंच ओकला असतास. मग मी सात दिवस एकटी होते हेही कळलं असतं. सायकल गेली, पण ते सात दिवस कोणाला काढून घेता आले नाहीत." तिने हँडल धरलं. "राग आला होता, ढब्या. खूप वर्षं होता. उगाच नव्हता म्हणणार नाही."

 'चूक झाली' एवढे दोन शब्द सर पुटपुटले, तेही चिमट्याकडे बघून.

"आता सीट खाली घे," ताई म्हणाली. "गुडघे आधीसारखे नाहीत."

सीट खाली घेतली. दुकानातल्या बाईंनी मागून कॅरिअर धरलं. ताई दहा पावलं डगमगली, मग गेली सुसाट, गल्लीच्या टोकापर्यंत. वळताना घंटी वाजवली. परत येऊन उतरली तेव्हा धापा टाकत होती, पण चेहरा सव्वीसचा.

"रविवारी तळ्यावर जाऊ," ती म्हणाली. "तू पण ये."

सरांकडे सायकल नव्हती. दुकानातल्या बाईंनी एक वापरलेली दिली, पुढे गुलाबी टोपली असलेली. दुसरी शिल्लकच नव्हती. रविवारी सकाळी दोघं निघाली. पहिला चढ आला तशी ताई पुढे निघून लांबवर लहान लहान दिसत गेली. सर उतरले, सायकल ढकलत पुलापर्यंत पोचले आणि कठड्यावर बसले. पायांत गोळे, छातीचा भाता.

ताई मागे फिरून आली. "येतोस पुढे?"

"नाही," सर म्हणाले. "मी इथपर्यंतच. तू जा."

ती गेली. पाऊण तासाने परत आली, सायकल कठड्याला टेकवली आणि शेजारी बसली.

"तळ्यात पाणी बरंच कमी झालंय," ती म्हणाली. "पण पाणकोंबड्या आहेत. पिल्लं झालीयेत." आणि किती पिल्लं, कशी पोहत होती, हे ती सांगत राहिली, आणि सर ऐकत राहिले.