पडत्या शटरचा खटका

दुकानाचं शटर पडतं तेव्हा आधी आवाज येत नाही. वर गुंडाळीतली स्प्रिंग तुटते आणि तुम्ही मान वर करेपर्यंत अख्खा पत्रा खाली. दादाचं मनगट असंच गेलं. शटर दुरुस्त करणाऱ्याचं मनगट शटरनंच मोडलं म्हणून गल्ली हसली. गल्लीला हसायला काय लागतं?

मी हसले नाही. बाबांच्या मागे हा धंदा आम्हा बहीणभावांनीच ओढला होता. दादाचा हात गळ्यात बांधलेला असताना मी मागच्या खोलीत बसले आणि खटका बनवला. तो शटरच्या खालच्या पट्टीला दोन्ही टोकांना बसतो. शटर रोजच्या चालीनं उतरलं तर गप्प बसतो. सुटलं, की त्याचा पोलादी जबडा बाजूच्या खाचेत दात रोवतो आणि शटर जागच्या जागी थांबतं. चांगली स्प्रिंग मुद्दाम कापून बघितली. थांबलं. पुन्हा कापली. थांबलं. कुणाला तरी हाक मारावीशी वाटली, पण त्याआधी मी पेटंटच्या एजंटकडे गेले. तिथंच फसले.

एजंटचा पहिला प्रश्न, "कुणाला दाखवलंय?"

"अजून नाही."

"दाखवूही नका. अर्ज दाखल होईपर्यंत सख्ख्या भावालासुद्धा नाही. एकदा बाहेर फुटलं की ते नवं राहत नाही, आणि नवं नसेल तर पेटंट नाही."

मी शब्दाला जागणारी बाई. त्यातून दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला माहीत. खोलीच्या खिडकीला कागद लावले, दाराला कुलूप घातलं.

"आत काय ठोकतेस गं?" दादानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीला कुलूप लागतं होय?"

मागून वहिनी म्हणाली, "शोध लावतायत वन्सं. त्यापेक्षा नवरा शोधला असता तर एव्हाना सापडला असता."

एरवी मी तिला उभी सोलली असती. पण वाद घातला तर तोंडून काहीतरी निसटेल, म्हणून ओठ शिवून घेतले. दादा दाराकडे बघत राहिला. "हात मोडलाय माझा, डोळे नाही फुटले. माझ्यापासून लपवतेस ना? लपव."

प्लास्टर निघाल्यावर त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला गाळा घेतला आणि वहिनीला घेऊन तिकडंच राहायला गेला. हत्यारांची वाटणी त्यानंच केली. चांगलं ड्रिल मला ठेवून गेला. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी एकटीच काम केलं. अर्जासाठी नवा, नीटस नमुना बनवला, त्याची चित्रं काढून घेतली. अर्ज दाखल झाला तेव्हा एजंट खुशीत म्हणाला, "आता खुशाल दवंडी पिटा!"

"कुणापुढे? भाऊ घर सोडून गेला."

"का?"

"तुम्हीच म्हणालात, सख्ख्या भावालासुद्धा नाही."

"अहो, ती बोलायची पद्धत झाली! गुप्त ठेवीन अशी त्याच्याकडून सही घेतली असती की काम भागलं असतं. घरच्या माणसाला कोण कोंडून बाहेर काढतं?"

मी काढलं. पद्धतीनं बोलणाऱ्यांचं काही जात नाही. ऐकणाऱ्याचं घर जातं.

बाहेर येऊन दादाला फोन लावला. त्याच्याकडे खडखडाट चालू होता. "शिडीवर आहे, नंतर बोलू," म्हणाला. तो नंतर काही आला नाही. मी पुन्हा लावला नाही. आमच्या घरात ताठा सगळ्यांना सारखा वाटलाय.

बऱ्याच काळानं पेटंट ऑफिसचा आक्षेप आला. असाच खटका दुसऱ्या कुठल्याशा देशात फार पूर्वी कुणीतरी नोंदवला होता, त्याची मुदतही कधीच संपली होती. एजंटनं ते जुनं चित्र माझ्यापुढे सरकवलं. जबडा तोच, दात तेच. माझे दात थोडे तिरके, एवढाच फरक.

मग मला भोक दिसलं.

त्या जुन्या चित्रात, खटक्याच्या बाहेरच्या पत्र्याला, जबड्याच्या वर, बारीकसं भोक. खटक्याच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नाही. खटका जुळवताना जबडा स्प्रिंगविरुद्ध दाबून धरावा लागतो आणि त्याच वेळी खीळ घालावी लागते. दोन माणसं असली की एक दाबतो, एक घालतो. माणूस एकटा असेल तर भोक पाडून त्यात खिळा खुपसायचा, तो खिळा जबडा धरून ठेवतो. माझ्या चित्रातही तसंच भोक होतं. तिथंच.

एजंटनं उत्तराचा मसुदा वाचून दाखवला. "जुनी रचना निव्वळ कागदोपत्री असून ती प्रत्यक्षात तयार होऊ शकत नाही..."

"हे खोटं आहे. त्यानं हा खटका हातानं बनवलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

मी भोकावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. "टेबलावर बसून चित्र काढणाऱ्याला हे सुचत नाही. हा माणूस खोलीत एकटा होता."

"असेल हो! मेलाही असेल. तुमचा कोण लागतो तो?"

"जे काम करताना माझ्याजवळ कुणी नव्हतं, ते त्यानं माझ्या आधी तसंच केलंय. कोण लागतो ते तुम्हीच ठरवा. पण त्याचं काम झालंच नाही, असं माझ्या सहीनं जाणार नाही."

"मग नुसत्या तिरक्या दातांवर उभं राहावं लागेल. नाकारतील."

"नाकारू द्या."

मी पेन घेऊन ते वाक्य खोडलं. एजंट मला मूर्ख म्हणाला नाही. चष्मा पुसत बसला. उत्तर गेलं, आणि पेटंट नाकारलं गेलं. एजंटकडे जायचंही बंद झालं. शहाण्यांनी मला खुळी म्हणावं, माझी हरकत नाही.

मग दादाचा फोन आला. इतक्या काळानं, आपणहून. मी हातातलं काम टाकून खाली बसले.

"तुझा खटका नाकारला म्हणे. म्हणजे आता कुणालाही करता येईल?"

"येईल."

"रागावणार नाहीस ना?"

"नाही रे. तू ये. रविवारी ये, मी समोर बसून दाखवते. जबडा दाबून धरायला दुसरं माणूस असलं की सोपं जातं. वहिनीलाही आण."

"अगं, यायचं कशाला? केलेसुद्धा आम्ही! दोन दुकानांना बसवले. तुझा अर्ज आता सगळ्यांना बघायला खुला असतो, हिनं मोबाइलवर शोधून काढला. काय लिहिलंयस गं! माप न् माप. कुठं अडलोच नाही, तुला विचारायची वेळच आली नाही."

तो मनापासून कौतुक करत होता. एजंटनं माझ्याकडून तसंच लिहून घेतलं होतं. कायदाच आहे तो. धंद्यातल्या कुठल्याही माणसाला तुम्हाला एक शब्द न विचारता वस्तू बनवता आली पाहिजे. मी खपून, खाडाखोड करून, तसं लिहिलं होतं.

"नीट चालतायत ना?" मी विचारलं.

"एकदम नीट."

"तरी एकदा येऊन..."

"बघू गं. सध्या कामं फार आहेत."