बहमन महिन्यातला समुद्र

प्रोफेसर रेग्यांनी अकरा वह्या दिवाणावर टाकल्या, अशा की वरची घसरून खाली पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत. पद्मावतीबाईंनीच उचलली, पदराने पुसली आणि मांडीवर ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"बसायला आलो नाही. अहवाल सोमवारी छापायला जातोय. तुमच्या यजमानांच्या नोंदी बनावट आहेत, असं त्यात लिहावं लागणार. आधी तुमच्या कानावर घालावं, म्हणून आलो. तेवढं सौजन्य आमच्यात आहे."

असलं सौजन्य बाईंनी गेल्या तीन वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं. पोलीस ॲक्शन झाली आणि मुंबईकडची शहाणी माणसं हैदराबादेत उतरली. निजामाच्या राज्यात शिकलेला तेवढा अडाणी, अशी त्यांची पक्की समजूत. रेगे त्यांतलेच, वर कॉलेजात मोठ्या हुद्द्यावर.

बाईंचे यजमान एकनाथराव जन्मभर कारकूनच राहिले. नोकरी तिकडे काठेवाडात, ओख्याच्या बंदरावर आणि बिऱ्हाड इथे नल्लकुंट्यात. अकरा वर्षं ते रोज ओहोटीच्या वेळी खडकांवर जात, बादलीभर पाणी काढत, त्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहीत. वारा कुठला, गाळ किती, तेही लिहीत. तिथल्या खडकांवर पोवळं वाढतं. ओख्याच्या वर उत्तरेला त्याला तगणं कठीण, तिथेही ते कसंबसंच जगतं. अलीकडे त्यातलं बरंचसं मेलं; कशाने, हा वाद होता, आणि रेग्यांचा अहवाल त्यावरच. चुन्यासाठी खणणाऱ्यांनी मारलं, हे रेग्यांचं मत. एकनाथरावांचं म्हणणं वेगळं. पोवळं एका दिवसाच्या गारठ्याने मरत नाही. लागोपाठ चार हिवाळे उत्तरेचा कोरडा वारा, ओहोटीला उघडा पडलेला खडक आणि मग पावसाळ्याचा गाळ, असं वर्षानुवर्षं चाललं की मरतं. गेल्या वर्षी ते वारले. मागे या वह्या राहिल्या आणि हे म्हणणं.

"कोणतं पान खोटं आहे? दाखवा की," बाई म्हणाल्या.

रेग्यांनी त्यांच्या मांडीवरचीच वही ओढून घेतली. "हे बघा. बहमन तेराशे बावन्न. समुद्राचं पाणी सत्तावन्न डिग्री फॅरनहाइट! बहमन म्हणजे जुलै. भर पावसाळ्यात समुद्र इतका गार? पोरसुद्धा हसेल."

"बहमन जुलैत येतो, हे कोणी सांगितलं तुम्हांला?"

"गिरगावात जन्म गेला माझा. शेजारी सगळे पारशी. बहमन लागला की त्यांच्याकडे मटण बंद, आणि बाहेर धो धो पाऊस."

पद्मावतीबाई हसल्या. फार दिवसांनी हसल्या, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"हा पारशांचा बहमन नाही, प्रोफेसरसाहेब. आमचा फसली, निजामाच्या सरकारी सालातला. आझूर, दय, बहमन. आझूर लागतो ऑक्टोबरात. गौलीगुड्याच्या शाळेत वीस वर्षं मी याच तारखा फळ्यावर लिहिल्या. आमच्याकडं बहमनात शाली काढतेत."

"याला पुरावा?"

"हौ, देते की पुरावा."

त्या आत गेल्या. ट्रंकेच्या तळाशी एक घडी घातलेला कागद होता. म्युनिसिपालिटीचा दाखला, वर फसली तारीख आणि खाली इंग्रजी. त्यांनी तो रेग्यांपुढे धरला. कुमारी भामा, वय सहा, घटसर्प. आठ बहमन तेराशे बावन्न. डिसेंबर एकोणीसशे बेचाळीस.

रेग्यांनी दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून बसले.

"डिसेंबर," ते पुटपुटले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. "ठीक आहे. मग हे जमतं. तारखा वाचा तुम्ही, मी इंग्रजी करून घेतो."

बाईंनी वही घेतली. जिंकल्याचा आनंद त्यांना होत होता, चांगला सणसणीत होत होता. त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"सहा बहमन, चौसष्ट. सात, चौसष्ट. आठ, त्रेसष्ट. नऊ..."

त्या थांबल्या. नवव्या तारखेला तार मिळाली होती आणि त्याच दिवशी एकनाथराव ओख्याहून निघाले होते. मुलीच्या तेराव्यापर्यंत ते घरी होते, ओख्याला परत पोचले पंचवीसला. घरी असताना डोळ्यांतून टिपूस नाही. ओसरीवर बसून याच वहीत काहीतरी लिहीत होते. पोर गेली आणि तुम्हांला वही सुचते, असं त्या सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. मनातून तर त्यांना कधीच माफ केलं नव्हतं.

नऊ, साठ. दहा, एकोणसाठ. तेरा, सत्तावन्न. एकाच शाईत, एका हाताने उतरत गेलेले सतरा आकडे. अकरा वर्षांत समुद्र इतका गार कधीच नव्हता. सव्वीसला पुन्हा बासष्ट.

"नऊ?" रेग्यांनी पेन उचलून धरलं होतं.

बाईंनी त्या आकड्यांवरून बोट खाली नेलं.

"नऊ ते पंचवीस खोडा."

"खोडा? हेच तर सगळ्यात थंड दिवस!"

"हौ. पण ते समुद्राचे नाहीत, आमच्या घरचे आहेत. त्या दिवसांत ते इथं होते."

रेग्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचा जुना आवाज परत आला. "म्हणजे बनावटच. मग अकरा वर्षांतल्या बाकीच्या नोंदींवर मी विश्वास का ठेवावा?"

पद्मावतीबाईंनी दाखल्याची घडी घातली आणि ती त्याच पानात ठेवून वही मिटली.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे दिवस ते तिथंच होते."