हळदीखालचा पिवळा

माघातली कोवळी, केशरकांत सकाळ कृष्णेच्या पात्रावर उतरली होती. वाईच्या शिवारात हळदीची काढणी चालली होती, आणि खणलेल्या सरींतून भूमिगर्भातला उष्ण सुवर्णगंध वर येत होता. पिवळं ऊन, पिवळी माती, पिवळा मांडव. आणि त्या पिवळ्यात पिवळी कुमुदताई, नवरीची आई.

हळदीच्या दिवशी तिने हळद जरा जास्तच लावून घेतली होती. गाली, कपाळी, गळ्याला, कोपरापर्यंत. नंतरही रोज सकाळी, घरचं कार्य आहे म्हणून, पुन्हा. थोरली जाऊ हसून विचारी, नवरी कोण, ही की हिची लेक? डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदू काढलाय, असं ताई सांगे. तिच्या बारीक झालेल्या कंबरेचं कौतुक तर मांडवभर हातोहात फिरलं. कुणी मेथीच्या पाण्याला श्रेय दिलं, कुणी पहाटेच्या चालण्याला. एका नणंदेने कृतीच विचारून घेतली. दुसऱ्याचं दुःख मोजायला माणसांकडे वेळ नसतो. कंबर मोजायला मात्र नजरेतच टेप असते.

त्या कौतुकात धाकटी बहीण हेमांगीही होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या कर्करोगावर काम करणारी हेमांगी. तिनेही ताईच्या गालांना दोन्ही हातांनी हळद फासली आणि म्हणाली, "छान दिसतेस गं."

लग्न लागलं. लेक सासरी गेली. आणि आज सकाळी हेमांगी टॉवेल द्यायला न्हाणीघराच्या दारात आली, तर ताई तोंड धूत होती. पाणी पिवळं वाहिलं, मग फिकट, मग नितळ, स्फटिकनितळ.

चेहरा पिवळाच राहिला.

ताईचा हात चष्म्याकडे गेला, पण उशिरा. डोळ्यांतलं पांढरं झेंडूसारखं पिवळं झालं होतं.

के-रास. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या मुळाशी असणाऱ्या त्या इवल्या प्रथिनासोबत हेमांगीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पेशीच्या उंबऱ्याशी बसणारा निरोप्या. बाहेरून निरोप आला की आत सांगायचं, वाढ. आणि सांगून गप्प बसायचं. बिघडला की तो गप्प बसणंच विसरतो. निरोप नाही, हाक नाही, तरी सांगत राहतो: वाढ, वाढ, वाढ. ती त्याला लाडाने 'आमचा बडबड्या' म्हणायची. घरातला, विश्वासातला, रक्ताचा. तोच इथे, तिच्या ताईच्या पोटात, कित्येक महिने बोलत बसला होता.

"कधीपासून?"

"पाठ दिवाळीपासून दुखतेय. तेव्हाच साताऱ्याला स्कॅन केला. गाठ आहे म्हणाले. कावीळ आत्ताची, या पंधरवड्यातली."

भाऊजींना माहीत होतं. हसणाऱ्या जावेला माहीत होतं. ते हसणंसुद्धा ठरवून होतं. चष्मा विकणाऱ्या दुकानदाराच्या बायकोलाही अर्धंमुर्धं माहीत होतं. माहीत नव्हतं ते नेमकं हेमांगीला.

"त्यांना काय, गाठ म्हणजे गाठ," ताई म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर तुझ्या तोंडावर मला सगळं वाचता आलं असतं. लेकीच्या लग्नात मला ते वाचायचं नव्हतं."

"आणि मला हळद लावू दिलीस."

ताईने टॉवेल घेऊन तोंड टिपलं. मग तिने विचारलं, "कापून निघेल ना गं?"

"दिवाळीत विचारलं असतंस, तर बहुधा हो म्हटलं असतं."

भाऊजी हळूच म्हणाले, देवक अजून बसलेलं आहे. ते उठेपर्यंत वेस ओलांडता येत नाही, परवा जाऊ. हेमांगीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गुरुजींना तिनेच बोलावणं धाडलं, दिवस कलायच्या आत देवक उठवायला लावलं आणि पुण्यासाठी गाडी काढायला सांगितली.

खंबाटकीच्या चढाला सांज झाली. मागच्या सीटवर ताईला झोप लागली होती. तिचं मस्तक, हलकं, पाखरासारखं हलकं, हेमांगीच्या खांद्यावर कललं होतं. हेमांगीने हात पुढे केला नाही. खांदाही काढून घेतला नाही.

समोरच्या डोंगरावर वणवा लागला होता. अरुणवर्ण, क्षीण, एकच रेघ. वारा पडला होता, पाखरं निजली होती, दरी निःशब्द होती; आणि ती रेघ वाळल्या गवतातून, कुणी न सांगता, कुणी न थांबवता, चढत होती वर, आणखी वर, आणखी वर.