सोऱ्याला मोटार

दसऱ्यापासून सविताचा उजवा अंगठा ठणकत होता आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आनंदच झाला होता. सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या मराठी घरांचा दिवाळीचा एकत्र फराळ म्हणजे चकल्या सविताच्या, हे इतकं ठरून गेलेलं होतं की तिला कोणी विचारतही नसे. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत दिवसभर हिशेब जुळवायचे, एमआरटीच्या गाडीने बेटाच्या त्या टोकाहून या टोकाला यायचं आणि मग ओट्याशी उभं राहून पितळी सोऱ्याची मूठ पिळत राहायचं. तिला चकल्यांचा वीट आला होता. पण ‘वीट आला’ हे कारण आपल्यात चालतं कुठे? दुखरा अंगठा मात्र चालतो. यंदा आपण सुटलो, असं तिने मनाशी धरलं होतं.

पण नवरा हौशी असला की दुखण्याचाही काही उपयोग होत नाही. निशिकांत एरवी कंप्युटरसमोर मान मोडून बसणारा माणूस, पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की त्याचं वय निम्मं व्हायचं.

“तू अंगठ्याला मुळीच त्रास द्यायचा नाहीस,” तो म्हणाला. “आपण सोऱ्याला मोटार बसवू!”

शनिवारी सिम लिम टॉवरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तो एक लहानशी मोटार घेऊन आला. लाकडाचा स्टँड केला, त्यात सोऱ्या घट्ट बसवला आणि सोऱ्याची मूठ काढून ठेवली. ठेवली कुठे, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सोऱ्याचं काम तसं साधं. वरचा आट्यांचा दांडा फिरवला की तो झाकणातून खाली उतरतो आणि पीठ दाबतो. आता मोटारीचा दांडा पेन्सिलीहून बारीक आणि सोऱ्याचा बोटाएवढा जाड. या दोघांची गाठ कशी मारायची, यात निशिकांतच्या साऱ्या संध्याकाळी जाऊ लागल्या. आधी त्याने ॲल्युमिनियमची नळी चढवून बाजूने बारीक स्क्रू आवळले. मोटार घूं करत फिरली, चकलीचं जेमतेम अर्धं वेटोळं पडलं आणि नळी निसटली. सविताने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, पण निशिकांतला वाटलं, बिचारी निराश झाली.

“होईल गं, धीर धर,” त्याने तिचीच समजूत घातली.

मग स्क्रू घसरू नये म्हणून त्याने मोटारीचा दांडा कानशीने एका अंगाला चपटा केला. तरी तेच. मग जाड रबरी नळी आणून दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. नळी थोडी ताणली गेली आणि सुटली.

“बाबा, गिव्ह अप लाह!” येता-जाता गार्गी, त्यांची लेक, सिंगापुरी सुरात म्हणायची.

घोडं कुठे पेंड खातंय, ते सविताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मूठ फिरवताना दांडा खाली उतरतो, तसा आपला हातही त्याच्यामागे खाली जातो. मोटार स्टँडच्या फळीला पक्की आवळलेली, ती कुठे जाणार? दांडा खाली निघाला की गाठ सुटणारच. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट होती. सविता रोज चहाचा कप घेऊन शेजारी उभी राही आणि बोलत नसे. स्वतःची लाज वाटे, पण चकल्या करायचं अंगात त्राण नव्हतं.

रविवारी तो स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिला. कानस लागून बोट कापलं होतं.

“तुझ्यासाठी एवढंसुद्धा जमत नाही गं मला,” तो म्हणाला.

त्याचा उतरलेला चेहरा सविताला बघवेना. तिने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

“मोटार पक्की कशाला बसवलीस? दांड्याबरोबर तिलाही खाली उतरू दे. नुसती गरगर फिरू देऊ नकोस, म्हणजे झालं.”

निशिकांतने कपाळावर हात मारला. कपाटाच्या खणाच्या दोन सरकपट्ट्या काढल्या, उभ्या ठोकल्या, मोटार त्यांवर चढवली. संध्याकाळी मोटार दांड्यामागोमाग शहाण्या मुलासारखी खाली उतरली आणि काटेरी चकली पडू लागली. सविता खाली ताटली फिरवत होती.

“बघ! आता दुप्पट होतील. विनीतावहिनींना कळवून टाकतो.” फराळाची सगळी जमवाजमव विनीतावहिनीच करायच्या.

ताटलीवरचा हात थांबला. पीठ एकाच जागी साचू लागलं. सविता रडत होती.

“अंगठा दुखतोय का?”

“मला चकल्या करायच्याच नाहीयेत, निशिकांत. मी दमलेय. किती वर्षांची दमलेय.”

“मग आधी बोलायचंस ना!”

“अंगठा दुखतो म्हटलं तर मोटार आणलीस. दमले म्हटलं असतं, तर काय आणलं असतंस?”

त्याने मोटार बंद केली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. जरा वेळाने फोन उचलून नंबर फिरवला.

“वहिनी, यंदा चकल्यांचं काही जमणार नाही हो. सविताचा अंगठा...”

सविताने पिठाळ हातानेच त्याच्याकडून फोन घेतला.

“अंगठा दुखतोय वहिनी, पण म्हणून नाही. मला कंटाळा आलाय. मी यंदा चकल्या करणार नाही.”

पलीकडून विनीतावहिनी म्हणाल्या, “अगं, पण मग करणार कोण?”

“ते मला माहीत नाही,” सविता म्हणाली आणि पुढे काही न सुचवता तिने फोन ठेवला.