आनंदीबाईंचा कॅन

मिठाच्या अभ्यासासाठी वाडीतल्या ज्या घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या त्यांत दादू सारंगांचं घर होतं, पण घरातून नाव निघालं त्यांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं, आणि दादूंचं बिनसलं ते तिथूनच. तीस वर्षं मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून जगभरचं खारं पाणी अंगावर घेतलेला माणूस समोर उभा होता. आणि मिठाचा अभ्यास करायचा तो कुणाचा, तर जी बाई खाडीपलीकडची रत्नागिरीसुद्धा महिन्यातून एकदा बघते तिचा.

"माझा नाव कुणी वगळला?" त्यांनी शिफाला विचारलं.

"कुणी नाही हो, काका. घरातली सगळी नावं चिठ्ठीत टाकतो, निघेल ते घेतो. आपल्या मनाने निवडलं की अभ्यास खोटा होतो."

शिफा शेजारच्या मोहल्ल्यातली. वडील मस्कतला, पोरगी रत्नागिरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. किनाऱ्यावरची माणसं रोज किती मीठ खातात आणि ते त्यांच्या मूत्रपिंडांना किती भोवतं, हे शोधणाऱ्या एका संस्थेत ती वर्षभर कामाला होती. परदेशातल्या माणसांवरून ठरलेली मापं आपल्याला किती दिवस लावायची, असं ती सगळ्यांना सांगे. आपली पेज वेगळी, सुकी मच्छी वेगळी, आपली अंगकाठी वेगळी. मग आपलं माप आपल्याच माणसांवरून काढायला नको का? हे तिने सांगितलं की समोरच्याला उगाच आपण मोठे झाल्यासारखं वाटे.

आनंदीबाईंना मात्र वाटलं नाही. शिफाने झाकणाचा पांढरा कॅन आणि दांडीचा मग पुढे ठेवला आणि समजावून सांगितलं, की उद्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची या कॅनमध्ये जमवायची, अगदी परवा सकाळच्या पहिलीसकट. आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बाय गो, एवढी शिकलीस ती ह्याच्यासाठी?"

"ह्याच्यासाठीच शिकले, काकी," शिफा म्हणाली, आणि आनंदीबाई हसल्या. हसल्या म्हणजे कबूल झाल्या.

तसं बघितलं तर तपासणीची त्यांना गरज होतीच. दोन महिने कंबर दुखत होती, लघवीला जळजळ होती, दुपारी चार पावलं चालल्या की ओट्यावर बसायच्या. पंधरवड्यानंतरच्या गुरुवारी रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचं, असं दादूंनी मारून मुटकून ठरवलं होतं. आनंदीबाईंना डॉक्टर म्हटलं की अंगावर काटा.

कॅनचा दिवस उजाडला. दादूंनी दुपारी बायको बघत नाही असं पाहून झाकण उघडून बघितलं. बूड जेमतेम भिजलं होतं. संध्याकाळी बघितलं, तरी फारशी भर नव्हती. आता दादूंच्या जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे कॅन नावाच्या पट्ट्या लावून अंगणवाडीच्या ओट्यावर ओळीने मांडायचे होते. शेजारच्या गोदाने आपला गळ्यापर्यंत भरल्याचं कुंपणावरून ओरडून सांगितलं होतं. त्या बाईला कशाचाही अभिमान वाटतो. त्या ओळीत आनंदीचा कॅन खडखडीत दिसणार. वर शिफाने कमी भरला म्हणून तिला अभ्यासातूनच काढून टाकलं तर? निवडलेली बाई नापास.

माणूस वाईट नव्हता. बायकोचं कुठे काही कमी पडताना त्यांना बघवत नसे, एवढंच. लग्नकार्यात तिच्या ताटात वाढपी हात आखडता घेऊ लागला, तर दादू स्वतःच्या ताटातलं उचलून तिकडे ठेवत. त्याच मायेने त्यांनी तो मग उचलला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. संध्याकाळी एकदा, मग पहाटे पुन्हा एकदा. सकाळी कॅन बऱ्यापैकी जड लागला, आणि तो स्वतः उचलून अंगणवाडीत नेताना दादू शीळ घालत होते.

बारा दिवसांनी शिफा कागद घेऊन आली. मीठ थोडं जास्त आहे, म्हणाली, लोणचं आणि सुकट कमी करा. बाकी लघवी भरपूर, सगळं छान. आनंदीबाईंनी कागद वाचता येत नसतानाही हातात घेऊन खालीवर बघितला आणि देवाजवळ नेऊन ठेवला.

"ऐकलात? सगळा बरा हाय," त्या दादूंना म्हणाल्या. "आता गुरुवारी रत्नागिरीला नको. उगाच त्या डॉक्टरकडे कशाला जायचा?"

दादूंच्या पायाखालची वाळू सरकली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. देवाजवळ ठेवलेला तो कागद निम्म्याहून जास्त त्यांचा स्वतःचा होता, आणि त्याच कागदाच्या भरवशावर बायको दुखणं अंगावर काढणार होती.

"जाऊन तर येऊ," ते म्हणाले.

"कागदावर लिवलाय त्याच्यापेक्षा तुमाला जास्त कळता?"

पुढे बोलायचं तर खरं सांगायला हवं, आणि ते सांगायचं कुठल्या तोंडाने? सोमवार गेला, मंगळवार गेला. आनंदीबाई चुलीजवळून उठताना भिंतीला हात लावत होत्या. दादूंना घास गोड लागेना. बोटीवर वादळं बघितलेला माणूस, पण बायकोपुढे एक वाक्य बोलायला त्याची जीभ रेटेना. शेवटी बुधवारी सकाळी ते उठले आणि तडक अंगणवाडीत गेले. शिफा तिथे एकटीच कागद लावत बसली होती.

दादूंनी सांगितलं. खाली बघत, पायातली चप्पल काढत घालत, पण काही लपवलं नाही.

शिफाने हातातले कागद खाली ठेवले. मग तिने फायलीतून एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यावर शेवटी एक प्रश्न छापलेला होता: यात दुसऱ्या कुणाचं काही मिसळलं आहे का? पुढे 'नाही'वर खूण होती.

"ही खूण माझी आहे, काका. कॅन घेताना हे विचारायचंच असतं. पण तुमच्याएवढ्या माणसाला असं कसं विचारू, म्हणून मी न विचारताच केली." तिचे डोळे भरून आले होते. "एका काकींच्या आकड्यावरून आम्ही त्यांच्यासारख्या शेकडो बायकांचं माप धरतो. आणि मी काकींनाच चुकीचं सांगून आले."

"तू कशाला रडतंस? मूर्खपणा माझा."

"दोघांचा," शिफा म्हणाली. "मी संस्थेतल्या साहेबांना आजच सांगते आणि हा नमुना बाद करून घेते. पण काकींना तुम्ही सांगायचं. चला, मी येते बरोबर."

आनंदीबाई पडवीत सुपात सुकट निवडत होत्या. दादू समोर उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. आनंदीबाईंनी आधी शिफाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. कंबर धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी काढलं.

"म्हणजे तुमची तब्येत चांगली हाय," त्या म्हणाल्या. "बरा झाला, कळला तरी. पण अवो, माझा कमी होता तर कमी दिसू द्यायचा होता. तुमाला कुणी सांगितला भरायला?"

"लोकात कमी दिसला असता."

"लोकांचा काय जाता त्यात?"

शिफाने सूप बाजूला सरकवलं आणि ती त्यांच्याजवळ बसली. "काकी, खरं सांगा. दिवसाला पाणी किती पिता?"

"सकाळी चाय. जेवताना अर्धा तांब्या."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर मी पाणी पीत नाय."

"का?"

"सवय हाय." आनंदीबाईंनी सांगितलं ते पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं. "लग्न होऊन आले तेव्हा संडास तिकडे खाली, काजूंच्या पलीकडे होता. हे दहा दहा महिने बोटीवर. घरात मी आणि दोन पोरा. रात्री पोरांना एकटी टाकून कंदील घेऊन तिकडे कशी जाणार? एकदा गेले तर धाकटा उठून माझ्या मागे अंधारात निघाला, विहिरीच्या काठावर सापडला. त्या दिवसापासून दुपारनंतर पाणी बंद. मग काय, रात्री उठायलाच नको."

"पण आता तर घरात संडास आहे, काकी."

"हाय की. वीस वर्षा झाली. पण आता तहानच लागत नाय गो. अंगाची खोडच मोडली."

दादू पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. बोटीवरून पहिल्या खेपेला त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता, मग टीव्ही, मग रंगीत टीव्ही, मग मुंबईच्या पाहुण्यांसाठी पुढच्या खोलीत फरशी. घरात संडास झाला तो सगळ्यात शेवटी, तोही ते कायमचे घरी आले तेव्हा, स्वतःला रात्री उठावं लागू लागलं म्हणून. तोवर दोन्ही मुलं मोठी होऊन मुंबईला गेली होती. आजवर त्यांना हे कधी सुचलंही नव्हतं, आणि आनंदीबाईंनी कधी सांगितलंही नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली, कॅनमध्ये मग ओतला होता त्याहून कितीतरी जास्त.

गुरुवारी तिघं रिक्षाने रत्नागिरीला गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. एका बाजूला दोन खडे निघाले, आणि मूत्रपिंडं दमली होती. पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर गोष्ट वेगळी होती. औषध दिलं, मीठ तोडलं, आणि सांगितलं की तहान लागायची वाट बघू नका, घड्याळाकडे बघून पाणी प्या, दर दोन तासांनी पेलाभर, झोपेपर्यंत. परत येताना शिफाने तसं सगळं मोठ्या अक्षरात लिहून दादूंकडे दिलं. नवा कॅन ती पुढच्या महिन्यात आणणार होती, आणि या खेपेला दादूंना घराबाहेर काढणार होती.

दिवेलागणीला दादूंनी पेला भरून आणला. आनंदीबाई नुकत्याच तुळशीपुढे दिवा लावून ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि हात पुढे केलाच नाही.

"सकाळी पिते की. आता प्यायले तर रात्री उठायला लागेल."

"मग ऊठ."

"अंधारात?"

"मला उठव," दादू म्हणाले. "मी हाय घरात."

आनंदीबाई बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला त्यांना किती उशीर झाला, ते दादूंना त्या बघण्यातून कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली नाही. मग आनंदीबाईंनी पेला घेतला आणि घोट घोट करत त्या सगळं पाणी प्यायल्या.