माणशी किती?

पेगी आमच्या गावच्या विमा कचेरीत बसते आणि दर वर्षी मला एकच प्रश्न विचारते, "नॉर्मा, गेल्या वर्षीचंच पुढे चालू ठेवू ना?" मी हो म्हणते, तिच्या वाडग्यातली पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकते आणि बाहेर पडते. या वर्षी मात्र मी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"नाही," म्हटलं. "मर्यादा वाढव."

"कुठली?"

"माझ्या हातून दुसऱ्याला लागलं तर कंपनी किती पैसे देणार, ती. माझ्या गाडीच्या पत्र्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

"किती करू?"

"दहा लाख डॉलर."

पेगीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग बोटं चालवून तिने हप्ता काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. आकडा बघून गोळी घशात अडकायची बाकी होती, पण मी चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही.

"एवढा होम्स काउंटीत कोणी घेत नाही, नॉर्मा. तुझ्या गाडीत बसणारे तर आमिश. ते काय तुला कोर्टात खेचणार आहेत?"

"नाही. कुठे सही करू?"

धंदा माझा हाच, आमिश लोकांची ने-आण करायचा. जुन्या चालीचे हे ख्रिस्ती लोक घोड्याच्या बग्गीतून फिरतात, स्वतः गाडी घेत नाहीत, चालवत नाहीत, पण दुसऱ्याच्या गाडीत बसायला त्यांची ना नसते. आम्ही बाकीचे सगळे त्यांच्या लेखी 'इंग्लिश', मग आमचे आजोबा जर्मनीहून आलेले का असेनात. आधी मी शाळेची बस चालवायचे. चाळीस पोरांच्या कलकलाटाला कंटाळून ती सोडली आणि कर्ज काढून ही मोठी गाडी घेतली. रोज पहाटे अ‍ॅटली हर्शबर्गरच्या टोळीतले आठ सुतार मी क्लीव्हलँडच्या बाजूला कामावर सोडते आणि संध्याकाळी परत आणते. आठही जण डबा मांडीवर घेऊन बसतात आणि काउंटीची हद्द ओलांडायच्या आत घोरायला लागतात. त्यांच्याच भाड्यातून बँकेचं कर्ज फिटतं. ही टोळी गेली तर गाडी बँकेची, आणि मी घरात बसून नवऱ्याचे मोजे जुळवायचे.

गावातल्या खानावळीत आम्हा चालकांचं एक टेबल आहे. तिथे सगळ्यांचं शहाणपण एकच: आमिश फिर्याद करत नाहीत, त्यांच्या धर्मात ते बसत नाही, मग मोठ्या विम्याचा हप्ता कशाला भरायचा? जो सगळ्यात स्वस्त मिळेल तो घ्यायचा. हे शहाणपण सांगण्यात माझा धाकटा भाऊ डॅरिल सगळ्यांच्या पुढे असायचा.

गेल्या नोव्हेंबरात धुक्यात डॅरिलची गाडी रस्ता सोडून नाल्यात गेली. आत सहा जण होते. कोणाचा हात गेला, कोणाच्या बरगड्या, आणि रूबेन नावाच्या तिशीतल्या पोराचा कणा. डॅरिलच्या विम्यात माणशी पन्नास हजार आणि सहाही जणांचे मिळून एक लाख, एवढीच मर्यादा होती. रूबेनला हेलिकॉप्टरने इस्पितळात, अ‍ॅक्रनला नेलं. त्याच्या वाटचे पैसे त्याने डोळे उघडायच्या आत संपले, आणि उरलेल्यांना थेंब-थेंब वाटल्यासारखे थोडेथोडे मिळाले. आरोग्याचा विमा ते लोक काढत नाहीत. पुढचं सगळं बिल त्यांच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, भरलं. त्यासाठी लिलाव झाला. कोणी गोधड्या दिल्या, कोणी शिंगरू दिलं, कोणी नवी कोरी बग्गी. रूबेनची बायको अ‍ॅडा आपल्याच नवऱ्याच्या लिलावाला आलेल्या लोकांना उभ्याने जेवण वाढत होती.

फिर्याद कोणी केली नाही. रूबेनचा बाप तर त्याच आठवड्यात डॅरिलच्या दारात कोंबडी, शेवया आणि खजुराचं पुडिंग घेऊन उभा. म्हणाला, "आमच्या मनात काही नाही. तूही काही ठेवू नकोस."

तेव्हापासून डॅरिल व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून आहे. स्टिअरिंगला हात लावत नाही, खानावळीत येत नाही, दाढीसुद्धा कोणी सांगितल्याशिवाय करत नाही. फिर्याद झाली असती तर हा भांडला असता, वकिलाला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. माफी मिळालेल्या माणसाने भांडायचं कोणाशी? मला त्याच्याकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

कागद बघून लायलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घर डोक्यावर घेतलं.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! अगं, कोण फिर्याद करणार आहे तुझ्यावर?"

"कोणी नाही. म्हणूनच घेतला."

"म्हणजे काय?"

"फिर्याद करणाऱ्याला वकील असतो, लायल. न करणाऱ्याला कोण असतं? डॅरिलच्या गाडीत सहा होते. माझ्या गाडीत आठ. एक लाखाचे आठ वाटे कर बघू."

त्याने मनात वाटे केले असावेत, कारण आवाज जरा खाली आला. "हप्ता कुठून भरणार?"

"भाडं वाढवणार. मैलाला दहा सेंट."

"अ‍ॅटलीकडून? दहा सेंट वाचवायला तो माणूस स्वतः गाडीला जुंपून घेईल."

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अ‍ॅटली शेजारी बसला तसं मी सांगून टाकलं: पुढच्या महिन्यापासून मैलाला एक डॉलर वीस, कारण मी मोठा विमा घेतलाय. अ‍ॅटलीने दाढीवरून हात फिरवला आणि पुढचे चाळीस मैल खिडकीबाहेर बघत बसला. कामावर पोचल्यावर सगळे उतरले, तो मागे थांबला.

"नॉर्मा, आम्ही विमा घेत नाही. एकमेकांना धरून राहायचं सोडून कंपनीवर भरवसा ठेवणं आमच्यात बसत नाही. तुझ्या विम्याचे पैसे आम्ही दिले तर तो आम्हीच घेतल्यासारखं होईल. मला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल."

मी चाटच पडले. मी कंजूषपणाशी झगडायची तयारी करून बसले होते, आणि समोर आला धर्म. कंजूष माणसाशी घासाघीस तरी करता येते. दुपारपर्यंत ही बातमी खानावळीत पोचली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्याच टेबलावरच्या एकाने जुन्या भावात टोळी न्यायची तयारी दाखवली. असे असतात आमचे मित्र.

शनिवारी अ‍ॅटलीची बग्गी आमच्या अंगणात आली. घोडा टपालपेटीच्या खांबाला बांधून तो आत आला, पण कॉफीला नको म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं.

"विम्याच्या नावाने पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं," तो म्हणाला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. आमची माणसं तुझ्यावर खूश आहेत. आणि काही झालंच, तर मंडळी बघून घेईल."

एवढा वेळ मी दम धरला होता. 'मंडळी' म्हटल्यावर तो सुटला.

"मंडळी म्हणजे कोण रे, अ‍ॅटली? तुझी बायको, तिच्या बहिणी, तुझी म्हातारी आई! चूक माझी व्हायची आणि डोळे फोडून गोधड्या त्यांनी शिवायच्या? हे कुठल्या धर्मात बसतं ते सांग मला!"

"नॉर्मा," लायल स्वयंपाकघरातून म्हणाला.

"तू गप्प बस. अ‍ॅटली, तुम्ही माफ केलंत की तुमच्या बाजूने संपतं. आमच्या बाजूने संपत नाही. माझा भाऊ नोव्हेंबरपासून व्हरांड्यात बसून कुजतोय. तुम्ही त्याच्या घरी जेवण घेऊन आलात आणि त्याला फेडायला काही ठेवलंच नाहीत. हा विमा मी तुमच्यासाठी घेतला नाही, माझ्यासाठी घेतलाय. उद्या माझ्या हातून तुमच्यातल्या कोणाचा पाय मोडला, तर मला त्याच्या बायकोसमोर ताठ मानेने उभं राहायचंय. माझी चूक, माझी भरपाई. त्याच्यावर तुमची माफी मिळाली तर मी नको म्हणणार नाही, पण नुसत्या माफीवर मी गाडी चालवणार नाही. टोळी न्यायची तर घेऊन जा. गाडी बँकेला देईन, पण मर्यादा एका डॉलरने खाली आणणार नाही!"

लायल दारात येऊन उभा राहिला होता. मला वाटलं आता हा माझी बाजू सावरायला काहीतरी गुळमुळीत बोलणार. तो म्हणाला, "आणणार नाही ती. मी सांगून बघितलंय."

अ‍ॅटली हातातली टोपी काठाकाठाने फिरवत राहिला.

"डॅरिल अजून गाडी चालवत नाही?"

"नाही."

"आम्हाला वाटलं, त्याला दुसरं काम मिळालं." त्याचा चेहरा उतरला होता. "रूबेन दर गुरुवारी कॅन्टनला व्यायामाला जातो. दर वेळी नवा चालक. परवा मला म्हणाला, 'डॅरिल एकदाही फिरकला नाही. माझ्यामुळे त्याचा धंदा बसला म्हणून तो माझ्यावर रागावला असेल का?'"

मी पुढे होऊन दार उघडलं.

मी त्याला बग्गीपर्यंत सोडायला गेले. घोडा सोडता सोडता त्याने विचारलं, "मैलाला किती म्हणालीस?"

"एक वीस."

"पेट्रोलला तू किती देतेस, हे मी तुला कधी विचारलं नाही."

"नाही."

"टायरला किती देतेस, तेही नाही. मग हेही तू मला सांगितलं नाहीस. विम्याच्या नावाने द्यायचं नाही एवढंच ठरलंय. चालकाने भाव वाढवला, तर भाव वाढला."

"मला खोटं बोलायला शिकवतोस?"

"नाही," अ‍ॅटली बग्गीत चढत म्हणाला. "कमी बोलायला."

सोमवारी आठही जण डबे घेऊन हजर होते. दुपारी मी पेगीकडे गेले आणि डॅरिलचं नाव माझ्या गाडीचा दुसरा चालक म्हणून लिहायला सांगितलं.

"त्याच्या नावावर अपघात आहे, हप्ता अजून चढेल," ती म्हणाली. "मर्यादा थोडी खाली आणली तर जमेल."

"तो चालवणार म्हणून तर अजिबात खाली आणायची नाही. लिही."

मग डॅरिलच्या घरी गेले. तो त्याच खुर्चीत होता. मी किल्ल्या त्याच्या मांडीवर टाकल्या. त्याने त्या तशाच उचलून माझ्यासमोर धरल्या.

"नको, नॉर्मा."

"रूबेनला वाटतंय, तू त्याच्यावर रागावलास."

"काय?"

"तू एकदाही गेला नाहीस. त्याने दुसरं काय समजायचं?"

तो एकदम उठून उभा राहिला. आत गेला, आणि थोड्या वेळाने नळ वाहायचा आवाज आला. दाढी करत होता.

गुरुवारी आम्ही रूबेनच्या अंगणात गेलो. गाडी तिथवर मी चालवत नेली आणि उतरून डॅरिलला स्टिअरिंगमागे बसवलं, मी शेजारी बसले. रूबेन दोन काठ्यांवर जोर देत आला. अ‍ॅडाने त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि उघड्या दारापाशी उभी राहिली. रूबेन हसून म्हणाला, "आलास! मला वाटलं, रागावलास."

डॅरिलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. आरशात बघत म्हणाला, "रूबेन, या गाडीला दहा लाखांचा विमा आहे. नॉर्माचा."

"मग सावकाश चालव. एवढ्या पैशांचं मी काय करू?" अ‍ॅडासुद्धा हसली.

डॅरिल हसला नाही. "माझ्या गाडीला फार थोडा होता. मोठा परवडत नव्हता असं नाही, मला परवडत होता. पेगीने तेव्हा विचारलंही होतं. मी म्हटलं, कशाला? आमिश आहेत, फिर्याद करणार नाहीत. त्या पैशांची मी बंदूक घेतली शिकारीची."

अ‍ॅडाचं हसू मावळलं. रूबेनने काठ्या मांडीवर आडव्या घेतल्या. मी मागे वळून पाहिलं, तर त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. या माणसाला राग आलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मी मध्ये पडणार होते, पण लायल म्हणतो तसं, एकदा तरी गप्प बसून बघितलं.

"हे तू आम्हाला सांगितलं नव्हतंस," रूबेन म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"धुकं होतं, त्याची माफी मी पहिल्याच आठवड्यात दिली. हे वेगळं आहे." त्याने एकदा अ‍ॅडाकडे पाहिलं. "याला मला वेळ लागेल, डॅरिल. तोवर दर गुरुवारी येशील?"

"येईन," डॅरिल म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.